बाटलीवरचं झाड

वरदाच्या घरात दिवस उजाडायचा तो साबणाच्या वासानं. टेकाडांवरून ऊन अजून पुरतं खाली उतरलेलं नसायचं, तोवर तिची एक बादली अंगणात ओतून व्हायची, एक ओसरीवर, आणि एक उंबऱ्याबाहेर. तिथं गल्लीतल्या शेळ्या रात्रभर काय काय करून गेल्या असतील, याची कल्पना करूनच तिचं अंग शहारायचं. मग रिहामचे कपडे. रिहाम म्हणजे तिची लेक, नुकतीच भिंत धरून चालायला लागलेली, आणि हाताला लागेल ते तोंडात घालणारी. वाळू झाली, शेंगदाण्याची टरफलं झाली, आजोबांची जपमाळ झाली. एकदा तर एक जिवंत मुंगळा अर्धा आत, अर्धा बाहेर! त्या दिवसापासून वरदानं घरातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयानं बघायला सुरुवात केली होती. दुपट्यांना एकदा साबण, एकदा गरम पाणी, शेवटी नीळ. दोरीवर सगळं वाळत पडलं की ती लांबून बघायची आणि मगच तिला श्वास घ्यावासा वाटायचा.

त्यात नवऱ्याचं, लज़हरचं, बाजारात विजेच्या सामानाचं दुकान. गावातलं पहिलं कपडे धुण्याचं मशीन त्यानं स्वतःच्या घरी आणून ठेवलं, नमुना म्हणून. बायका नमुना बघायला आल्या, मशीन गरगर फिरताना बघून "या रब्बी!" म्हणाल्या, आणि महिन्याभरात निम्म्या गल्लीत मशिनं फिरू लागली. सासूबाई, लल्ला मबारका, आल्यागेल्याला सांगायच्या, "माझ्या सुनेच्या घरात माशी आली ना, तर पाय घसरून पडते."

एवढं पाणी जायचं कुठे? अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा होता, त्यात. मशीनचं, मोरीचं, सगळं त्यात. तो कधी भरला नाही. सूफच्या सगळ्या वाळवंटी मुलखात कुणाचाच भरत नव्हता. "आपली वाळू नुसती खाते," सासरे म्हणायचे, "ढेकर कधी देत नाही."

सासरे म्हणजे हाज तिजानी. घरात सगळे त्यांना बाबा हाज म्हणत. उंच, काटक, नाकात कायम तपकीर कोंबलेली, आणि तोंडात कायम घुताची गोष्ट. घरामागची दोन टेकाडं ओलांडली की त्यांचा घूत, म्हणजे खोल खणलेली खजुरांची बाग. त्यांच्या खापरपणज्यानं टोपल्या वाहून वाहून वाळूत एवढा मोठा वाडगा खणला होता, की तळाशी लावलेल्या खजुरांचे शेंडे काठावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायाशी यावेत. तळाखाली दोन-तीन हातांवर पाणी. मुळांनी खाली जायचं आणि प्यायचं. वरून थेंब घालायचा नाही. वारा जी वाळू आत लोटतो, ती तेवढी उपसून पुन्हा वर टाकायची, जन्मभर. बाबा हाजांच्या खांद्यांना त्या टोपल्यांनी घट्टे पडले होते, आणि ते लग्नातल्या बिछायतीवरसुद्धा सदरा सरकवून पाहुण्यांना दाखवायचे.

"तिकडे बिस्क्राकडचे लोक पाट काढून खजुरांना पाणी पाजतात," ते चहाचा ग्लास हातात धरून सांगायचे. "पाट! झाडाला! बाटलीवरची झाडं ती. त्यांच्यात दम कुठून यायचा? आमची झाडं आपल्या पायांनी जाऊन पितात."

हे म्हणताना त्यांची नजर न चुकता वरदाच्या मांडीवरच्या रिहामकडे जायची. रिहाम त्या वेळी डोळे मिटून बाटली ओढत असायची. वरदाला दूध कमी आलं होतं, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. सासरे मुद्दाम टोमणा मारत नसत, पण तो बरोबर जाऊन लागायचाच. ती मुकाट्यानं बाटलीचं बूच पुसायची. दोनदा.

रिहाम जन्मली त्याच आठवड्यात बाबा हाजांनी आपल्या सर्वांत लाडक्या, दगलेत-नूर जातीच्या खजुराचा फुटवा कापून घुताच्या तळाशी लावला होता. "हे नातीचं झाड," त्यांनी जाहीर केलं. "तिच्या लग्नात ह्याचेच खजूर वाटायचे. काचेसारखे. आतली बी बाहेरून दिसली पाहिजे." वरदा तेव्हा हसली होती. उत्तरेला चार वर्षं राहून कॉलेज केलेली मुलगी ती, फ्रेंच साहित्य शिकलेली. झाडाचा आणि पोरीचा संबंध जोडायला ती काय अडाणी होती? पण पहिल्या उन्हाळ्यात रिहामला ताप चढला, आणि त्याच दिवशी सासरे घुताकडून आले ते म्हणाले, नातीच्या झाडाची एक झावळी वाळलीय. ताप उतरला, झाडाला नवी झावळी फुटली. तेव्हापासून वरदानं कुणाला न सांगता त्या झाडावर नजर ठेवली होती. विश्वास नव्हता. नजर फक्त.

म्हणून त्या शुक्रवारी सगळे चहाचं सामान घेऊन घुतात उतरले, तेव्हा सर्वांत आधी तिनंच बघितलं.

"बाबा हाज, हे पिवळं का दिसतंय?"

झाडाच्या खालच्या झावळ्या पिकलेल्या केळीच्या सालीसारख्या झाल्या होत्या. मधला कोंब, जो तलवारीसारखा ताठ असायला हवा, तो लाजल्यासारखा एका बाजूला झुकला होता. वरदानं आधी रिहामच्या कपाळाला हात लावून बघितला. थंड होतं. मग झाडाकडे परत बघितलं.

बाबा हाजांनी गुडघे टेकले, पानं चिमटीत धरली, आणि एखाद्या वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटले.

"तहान," ते म्हणाले.

"तहान?" वरदा म्हणाली.

"दुसरं काय असणार? पिवळं पान म्हणजे पाय पाण्यापासून लांब पडलेत. पाणी खाली गेलंय. माझ्या बापाच्या वेळी गेलं होतं, आजोबाच्या वेळी गेलं होतं. काय केलं त्यांनी? खाली उतरवलं झाड. लज़हर, टोपली आण."

लज़हर नुकता शेंगदाणे टाकलेल्या चहाचा पहिला घोट घेत होता. "आज शुक्रवार आहे, बा."

"झाडाला कुठलाय शुक्रवार?"

शेजारच्या घुताचा मालक, खलीफा, काठावर बसून हे सगळं ऐकत होता. त्याला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसायचं. तो वरून ओरडला, "हाज, मुलगा दुकानात बसून मऊ पडलाय! त्याला आधी मशीनमध्ये घालून पिळून काढा!"

"तू तुझी झाडं बघ!"

"माझीही पिवळीच आहेत!"

"मग तूही खण!"

आणि खरंच, त्या दुपारी दोन्ही घुतांत टोपल्या चालू झाल्या. लज़हरनं चांगले बूट काढून ठेवले, वर वाळूच्या उतारावरून टोपली घेऊन चढताना तो दर वेळी निम्मा घसरून खाली यायचा, आणि बाबा हाज खालून ओरडायचे, "चढायचंय, नाचायचं नाही!" फुटवा हळूच मातीच्या गोळ्यासकट काढला, खाली हातभर खणलं, आणि त्याला नव्या खळग्यात बसवलं. रिहामनं त्यात एक चमचा टाकला. तो सापडला नाही.

पुढच्या शुक्रवारी बाबा हाज सगळ्यांच्या आधी पळत घुतात उतरले आणि त्यांची आरोळी दोन टेकाडं ओलांडून घरापर्यंत आली. वरदा रिहामला काखोटीला मारून धावत सुटली. तिनं वाटेतच सगळं कल्पून टाकलं होतं. साप, विंचू, झाड मेलं, आणि ती पोरीला घेऊन उत्तरेला निघून गेलेली.

"पाणी!" बाबा हाज नाचत होते. "पाणी आपल्याला भेटायला आलंय! बघ, पोरी, बघ!"

खळग्यात घोटाभर पाणी साठलं होतं. नातीचं झाड त्यात उभं होतं, दोन्ही बाजूंनी ओलं. इतकंच नव्हे, मोठ्या झाडांच्या बुंध्यांशीही वाळू काळी पडली होती आणि पाऊल टाकलं की चपक आवाज येत होता. बाबा हाजांनी त्या दिवशी गल्लीत खजूर वाटले. लज़हर म्हणाला, आता इथं बदकं सोडता येतील. तो थट्टा करत नव्हता. त्यानं बदकांची किंमतही विचारून ठेवली होती. लल्लांनी म्हटलं, "बदकं घाण करतात. सुनेला झटका येईल." त्यावरही सगळे हसले.

वरदा हसली नाही. तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणत होतं. घरी येऊन तिनं रिहामचं झबलं उतरवलं, तर पाठीवर लाल गांधी उठलेल्या. डास. सूफमध्ये! तिच्या लहानपणी डास ही उत्तरेकडच्या लोकांची तक्रार होती. तिनं बाळांच्या संगोपनाचं जाडजूड पुस्तक काढलं, डासांचं प्रकरण वाचलं, आणि त्या दिवसापासून रिहाम पायमोजे घालून झोपू लागली. पायमोजेही मशीनमध्ये. रोज.

आणि झाड? झाड सुधारलं नाही. पाणी मिळूनही पिवळेपणा वर चढत गेला. मधला कोंब आणखी झुकला, आणि बोटानं दाबला की मऊ लागू लागला. वरदा रोज दुपारी एक फेरी मारून यायची. लल्लांना वाटायचं, सुनेला सासऱ्यांच्या घुताचं किती प्रेम! प्रत्यक्षात तिची झोप उडाली होती. रिहाम शिंकली की तिला झाड आठवायचं, झाड आठवलं की ती रिहामचा हात धरायची.

"अजून खाली न्यायला हवं," बाबा हाज म्हणाले. "पाण्यानं चेहरा दाखवला, पण पाय अजून लांब आहेत. येत्या शुक्रवारी खोल खणू. कमरेएवढं."

"पण बाबा हाज, ते तर पाण्यातच उभंय."

"पोरी," ते प्रेमानं म्हणाले, "तू पुस्तकं वाचलीस. मी झाडं वाचलीत."



शुक्रवार परवावर आला होता, तेव्हाची गोष्ट. वरदा रिहामला घेऊन घुतात उतरली होती. पाणी आता चांगलं पसरलं होतं. जुन्या झाडांचे बुंधे त्यात बुडाले होते, आणि एक झाड, खापरपणज्याच्या वेळचं म्हणे, थोडं कलल्यासारखं वाटत होतं. ती एका हातानं पोरीचं झबलं मागून घट्ट पकडून झाडाजवळ बसली. रिहामनं दोन्ही तळहात उचलले आणि पाण्यावर मारले. चटाक! चटाक! पाणी उडालं, आणि पाण्यावर फेस आला.

फेस. पांढरा, जाड, मशीनचं झाकण उघडल्यावर दिसतो तसा. तो विरला नाही. रिहामला फार गंमत वाटली, तिनं आणखी मारलं, आणखी फेस आला. वरदानं एक बोट बुडवून नाकाशी नेलं.

हा वास ती रोज सकाळी घ्यायची. लज़हर दुकानातून मोठ्या पिशवीतून आणायचा तो साबण, त्याचा कृत्रिम फुलांचा वास. त्यामागे आणखी एक वास होता, मोरीचा. तो तिनं फार वेळ घेतला नाही.

ती हळूच उठली, पोरीला काखेत घेतलं, आणि काठावर चढून मागे वळून बघितलं. समोर सगळी गल्ली दिसत होती. प्रत्येक अंगणात दोरी, प्रत्येक दोरीवर चादरी, प्रत्येक घरात एक मशीन, प्रत्येक कोपऱ्यात एक खड्डा. कधी न भरणारा. विहिरीचं पाणी कमरेत वाकून काढावं लागायचं, तेव्हा लल्ला एका तांब्यात दोन पोरांना अंघोळ घालायच्या म्हणे. आता पाताळातून उपसलेलं पाणी नळातून धो धो येत होतं, आणि आपण ते वर ओतत होतो, आणि खाली त्याला कुठे जायला जागाच नव्हती. वाळू ढेकर देत नव्हती हे खरं, पण तिचं पोट भरलं होतं. आणि त्या पोटाच्या तळाशी कोण उभं होतं? झाडं.

नातीचं झाड तहानलेलं नव्हतं. ते बुडत होतं. आणि परवा त्याला कमरेएवढं आणखी खाली ढकलणार होते.

तिनं रात्रीच्या जेवणाआधीच लज़हरला गाठलं. तो ओट्यावर बसून एका इस्त्रीची वायर सोलत होता.

"ऐक. झाड बुडतंय. आपल्या पाण्यानं."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग वायर खाली ठेवली. "हे तू कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग माझ्यापाशीच राहू दे."

"का?"

"का म्हणजे? बाबांना जाऊन सांगू, की तुमच्या घुतात तुमच्या सुनेच्या चादरींचं पाणी आहे? आणि गल्लीतल्या बायकांना सांगू, की माझ्याकडून घेतलेल्या मशिनांनी तुमच्या नवऱ्यांची झाडं मारली? वरदा, मला दुकान चालवायचंय. इथंच, ह्याच लोकांत."

"आणि परवा झाड मेलं तर?"

"दुसरा फुटवा लावू."

"ते रिहामचं झाड आहे!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू तर असल्या गोष्टी मानत नाहीस."

"मानत नाहीच," ती म्हणाली, आणि आत जाऊन रिहामच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी मशीन फिरलं नाही. ओसरीवर बादली ओतली गेली नाही. वरदानं भांडी वाळूनं घासली, जशी तिची आजी घासायची, आणि रिहामला एका तांब्यात अंघोळ घातली. लल्लांनी अंगणात पाऊल ठेवलं आणि थबकल्या. जमीन कोरडी.

"बरं वाटत नाही का गं?"

"बरं आहे, लल्ला."

"मग दिवस गेलेत का?"

"नाही हो!"

"मग मशीन बिघडलंय." लल्लांचा चेहरा पडला. "दुकानदाराच्याच घरचं मशीन बिघडावं! गल्लीत कळलं तर काय म्हणतील?"

दुपारपर्यंत गल्लीत कळलं होतंच. तीन बायका हालहवाल विचारायला आल्या, म्हणजे अंगण बघायला आल्या. एक जण मुद्दाम उंबऱ्यावरच्या शेळीच्या लेंड्या ओलांडताना थांबली. वरदानं चहा दिला. तिला रडू येत होतं. एका घरानं धुणं थांबवून काय होणार होतं? पाणी तर सगळ्या गल्लीचं. आणि खणायचं तर उद्याच होतं.

शुक्रवार उजाडला. बाबा हाज नमाजाहून आले, टोपल्या काढल्या, आणि घुताकडे निघाले. मागे लज़हर, त्यामागे खलीफा. त्याला आता दुसऱ्याच्या घुतात खणणंही स्वतःच्या घुताइतकंच आवडू लागलं होतं. त्यानंतर लल्ला, चहाच्या किटलीसकट. आणि सर्वांत शेवटी वरदा. तिच्या एका काखेत रिहाम होती, दुसऱ्या हातात रिहामची दुधाची बाटली. रिकामी.

बाबा हाज गुडघाभर पाण्यात उतरून झाडाशी वाकलेच होते.

"थांबा!"

सगळे वळले. वरदाच्या स्वतःच्या कानांनाही तो आवाज आपला वाटला नाही. घरात ती कधी ओरडली नव्हती. तिनं रिहामला लल्लांच्या कडेवर दिलं, पायातल्या चपला न काढताच पाण्यात शिरली, बाटली बुडवून अर्धी भरली, आणि बूच लावलं.

"हे काय करतेस, पोरी?" बाबा हाज म्हणाले. "हे पोरीला पाजणार?"

"नाही. बघा तुम्ही."

तिनं बाटली हलवली. दोन्ही हातांनी, जोरात, दुधाची पूड विरघळवताना हलवायची तशी. मग ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. बाटली बुचापर्यंत पांढऱ्या फेसानं भरली होती.

फेस बसेना. खलीफा पुढे वाकून बघू लागला.

"दूध झालं की काय?" तो म्हणाला.

"साबण आहे," वरदा म्हणाली. "वास घ्या."

बाबा हाजांनी बूच काढून बाटली नाकाशी नेली, पण त्यांच्या नाकात गेल्या चाळीस वर्षांची तपकीर होती. त्यांना बाटलीचा काय, बकऱ्याचाही वास आला नसता. त्यांनी ती बायकोकडे दिली. लल्लांनी हुंगली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ह्या आपल्या चादरी आहेत," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या?" बाबा हाज म्हणाले.

"आपल्या. खालच्या खोलीतल्या. हाच वास." त्यांनी पुन्हा हुंगली. "आणि बाकीचं मी सांगत नाही. आपण चहा प्यायला बसणार आहोत."

वरदाला वाटलं, आता जमीन दुभंगावी. ती तर नुसतीच चपक चपक करत होती. "माझा साबण आहे, बाबा हाज. आपल्या खड्ड्यातला. आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या खड्ड्यांतला. पाणी खाली गेलेलं नाही. वर आलंय. झाडाला तहान नाही लागलेली. त्याचा श्वास कोंडलाय. त्याला खाली नका नेऊ." मग तिला राहवेना, आणि ती घाईघाईनं म्हणाली, "माझ्या पोरीचं झाड आहे ते."

लज़हर टोपलीकडे बघत उभा होता. शेवटी तो म्हणाला, "खरंय ती म्हणते ते. मला परवाच सांगितलं तिनं. मीच गप्प बसवलं."

बाबा हाज पाण्यातच मागे वळले. त्यांनी मोठ्या झाडांकडे बघितलं, कललेल्या झाडाकडे बघितलं, घट्टा पडलेला खांदा चोळला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की वरदाला तिथंच त्यांचे पाय धरावेसे वाटले. मग त्यांनी डबी काढली, चिमूट नाकात भरली, एक प्रचंड शिंक दिली, आणि रिहाम दचकून हसली.

"म्हणजे बुडणाऱ्याला मी विहिरीत ढकलत होतो," ते म्हणाले.

"हाज, मीपण ढकललंय," खलीफा म्हणाला. "कालच सात ढकलली."

"तू गप रे. लज़हर, टोपली ठेव. कुदळ दे. नाही, हातानंच काढतो."

त्यांनी झाड काढलं. मुळं बाहेर आली ती काळी, चिकट, पण मध्यापाशी अजून दोनचार पांढरी होती. त्यांनी मुळं पाण्यात नव्हे, कोरड्या वाळूत घोळवली, झाड रिहामसारखं छातीशी धरलं, आणि उतार चढायला लागले. वर. खापरपणज्यापासून त्या घुतात झाड खाली गेलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. वर जाताना कुणी बघितलं नव्हतं. खलीफाचं तोंड उघडं राहिलं.

काठावर, झावळ्यांच्या कुंपणाच्या आडोशाला, त्यांनी झाड लावलं. वाळू दाबली. मग उभे राहून डोकं खाजवलं. इथं खाली पाणी नव्हतं. इथं मुळांना चालत जायला वर्षं लागली असती.

"आता हे पिणार काय?" लल्लांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. शेवटी वरदाच म्हणाली, अगदी हळू, "मशीनचं शेवटचं खळबळलेलं पाणी असतं ना, ते जवळजवळ स्वच्छच असतं. साबण कमी करते. नीळ बंद. ते खड्ड्यात न ओतता इकडे आणलं तर…"

"पाजायचं?" बाबा हाज म्हणाले. "झाडाला? मी?"

"हाज तिजानीचं बाटलीवरचं झाड!" खलीफा आनंदानं किंचाळला. "बिस्क्रापर्यंत पोचवतो ही बातमी!"

बाबा हाजांनी त्याला वाळूचं एक ढेकूळ मारलं. मग लल्लांच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. मग सुनेकडे. "बाटलीवर वाढलेली पोरंही चालायला लागतात म्हणा," ते पुटपुटले. "आमची लागलीच ना."

वरदाला हे इतकं अचानक लागलं, की तिनं पदराच्या टोकानं रिहामचं स्वच्छ नाक पुन्हा एकदा पुसलं.

घुताचं म्हणाल तर त्यातलं पाणी काही गेलं नाही. खापरपणज्याचं झाड पुढे महिन्याभरानं आडवं झालं. बाबा हाज त्या दिवशी जेवले नाहीत, आणि कुणी त्यांना जेव म्हटलं नाही. लज़हर दुकानात आता मशीनबरोबर एक लांब रबरी नळी फुकट देतो, आणि गिऱ्हाइकानं विचारलं की सांगतो, "शेवटचं पाणी खड्ड्यात नाही, काठावर." निम्मे लोक ऐकतात. बाकीचे नळीनं गाड्या धुतात. कुणीतरी नगरपालिकेत गटारं मागायला जाणार होतं; ते अजून जाणारच आहेत. बदकं मात्र आली. ती खरंच घाण करतात.

नातीच्या झाडाचा मऊ पडलेला कोंब गळून पडला. वरदा आठवडाभर पोरीच्या कपाळावरून हात काढायला तयार नव्हती. मग एका सकाळी पिवळ्या झावळ्यांच्या मधोमध एक नवं हिरवं टोक दिसलं, नखाएवढं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. घरी आली आणि पहिल्यांदाच रिहामला अंगणातली वाळू मुठीनं खाऊ दिली. एकच मूठ. मग तोंड धुतलं.

आता ती रोज कपडे धूत नाही. ओसरी झाडूनं झाडते, भांडी वाळूनं घासते, उंबऱ्यावरच्या लेंड्या सुपलीनं उचलते, आणि गल्लीतल्या बायकांनी काय म्हणायचं ते म्हणून झालं आहे. फक्त एक अडचण झालीय. परवा ती रिहामला झोपवत होती, तेवढ्यात दाराबाहेर बादली आपटल्याचा आवाज आला. उन्हानं लाल झालेले बाबा हाज उंबऱ्यात उभे होते, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या.

"पोरी, काल धुणं नाही, आज धुणं नाही. चाललंय काय?"

"कपडेच मळले नाहीत, बाबा हाज."

"मळले नाहीत?" त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ती जगातली सर्वांत आळशी सून होती. मग आत आले, दोरीवरची एक स्वच्छ चादर ओढून खाली जमिनीवर टाकली, आणि तिच्यावरून दोनदा चालत गेले.

"घे," ते म्हणाले. "आता मळली. लवकर कर, तिकडे काठावर पोर उपाशी आहे."